सोमवारचा वजनकाटा

हॉस्टेलच्या वॉर्डनला किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साचतात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर येतात! हल्ली पुण्यात आमची संध्याकाळी फिरणाऱ्या बायकांची टोळी आहे. बाकावर टेकलं की कुणीतरी म्हणतंच, "लखनौचं काहीतरी सांग ना गं." मी सांगते, त्या हसतात. मग एखादी हळूच विचारते, "आणि त्या शशीचं काय झालं?" तिथं माझं हसू थांबतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मूळची सांगलीची. आमचे हे लखनौच्या एका संशोधन संस्थेत झाडांच्या पानांवर काम करायचे, आणि मी घरी बसून कंटाळले म्हणून मुलींच्या स्पोर्ट्स हॉस्टेलची वॉर्डन झाले. ऐंशी साल नुकतंच लागलं होतं. उत्तर प्रदेशातल्या गावागावांतून निवडून आणलेल्या मुली, सगळ्या ॲथलेटिक्सच्या. कोच होते तिवारी सर. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, छावणीत राहायचे आणि पहाटे सायकलवरून शिट्टी वाजवतच यायचे.

मुली बऱ्याच होत्या, पण दोघी लक्षात ठेवा. शशी, गोंडा जिल्ह्यातली, पंधराशे मीटर पळणारी. आणि तिची रूममेट कम्मो, मेरठकडची, गोळाफेकवाली. शशीचं साधं गणित होतं. हॉस्टेलात राहिली तर पळणार, घरी परत गेली तर लग्न. बापानं तसं माझ्यासमोर बजावून सांगितलं होतं.

*

राज्य स्पर्धेत शशी अगदी फितीजवळ येऊन हरली. हातभराचं अंतर. मैदानातच बसून रडायला लागली. तिवारी सर आले, पाणी दिलं, डोक्यावर हात ठेवला. आता हा माणूस मायेचं काहीतरी बोलणार असं मला वाटलं.

"शशी, रोती क्यों हो? तुम थोड़े ही हारी हो! ये तो तुम्हारे कूल्हे हारे हैं!"

सगळ्या मुली तिच्या कमरेखाली बघून खो खो हसल्या. सर स्वतःच्या विनोदावर खूश झाले. सगळ्यांत जास्त हसली ती शशी.

रात्री जेवणाच्या वेळी माझ्याजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "मैडम, कूल्हे कम करने की कोई दवा आती है?"

मी म्हटलं, "आती है. रोज तीन बार, दाल-चावल के साथ!" ती हसली नाही.

*

दर सोमवारी सकाळी वजन व्हायचं. काटा कसला, तर धान्याच्या गोदामातून आणलेला, पोती तोलायचा! मुली रांगेत उभ्या राहायच्या आणि सर प्रत्येकीचा आकडा स्टेशनवर गाडी पुकारावी तसा मोठ्यानं पुकारायचे. मैदानापलीकडच्या चहावाल्यालाही आमच्या मुलींची वजनं पाठ होती.

रविवार संध्याकाळपासून हॉस्टेलात कुणी पाणीसुद्धा धड प्यायचं नाही. सोमवारी कानातलं काढायचं, बांगड्या काढायच्या, केसांतल्या पिना काढायच्या. एकीनं तर हातापायांची नखं कापली! मी म्हटलं, "अरी, दाँत तो रहने दे."

एका सोमवारी शशी काट्यावर चढली आणि मी बघतच राहिले. कंबरेपर्यंतची वेणी गायब! रविवारी खोलीत बसून तिनं ती कात्रीनं कापली होती. काट्याला त्याचं काही नव्हतं. तो होता तिथंच थांबला.

सर म्हणाले, "बाल काट आई? अरे, काटना था तो खाना काटतीं!"

पुन्हा हशा. शशी खाली उतरली आणि ताठ उभी राहून म्हणाली, "जी सर."

तिवारी सर विनोद करायचे. शशी मात्र तो हुकूम समजायची.

*

मग ती जिंकायला लागली, हे सांगायलाच हवं. तिथंच तर सगळी गोची झाली! गाल बसले, खांद्यांची हाडं वर आली, आणि ही पोरगी कानपूरला पहिली, आग्र्याला पहिली. सर इतरांना सांगायचे, "शशी को देखो!" मुली बघायच्या, आणि ताटातला भात बाजूला सारायच्या.

त्याच सुमारास टीमच्या नव्या निकरा शिवायच्या होत्या. सरांनी तेलीबागच्या टेलरमास्तरांना शशीची निकर नमुना म्हणून दिली आणि सांगितलं, "सब इसी नाप की." मी विचारलं, "सर, लड़कियाँ क्या साँचे से निकली हैं?" तर म्हणाले, "मैडम, निकर छोटी होगी तो लड़की उसमें आने की कोशिश करेगी. इसे मोटिवेशन कहते हैं."

निकरा आल्या त्या संध्याकाळी मेस निम्मी रिकामी. चौदा-पंधरा वर्षांच्या वाढत्या पोरी, खोलीचं दार लावून श्वास रोखून बटणं लावत बसलेल्या! माझं डोकंच फिरलं. सगळ्या निकरा पिशवीत कोंबल्या आणि रिक्षा करून थेट तेलीबाग गाठलं.

टेलरमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "क्या हुआ बहनजी, बिटिया लोग मोटी हो गईं?"

"लड़कियाँ ठीक हैं मास्टरजी. निकर ग़लत सिली है. उधेड़िए!"

सर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मलाही काही अडलं नव्हतं. पण निकरा वाटून झाल्यावर शशी माझ्याकडे आली, कमरेशी कापड मुठीत धरून. "मैडम, सबकी ढीली करवाईं, अच्छा किया. हमारी कसवा दीजिए. गिर रही है."

ती तिचीच जुनी, नमुन्याची निकर होती.

*

मेसचे महाराज बच्चूजी त्या दिवसांत भलतेच खुशीत असायचे. "मैडम, बच्चियाँ ख़ूब खा रही हैं! रोटी कम पड़ जाती है!" मी मात्र बघत होते की मुलींची पोटं खपाटीला चाललीत. मग ह्या पोळ्या जातात कुठं?

उत्तर मागच्या खिडकीखाली उभं होतं. चार पायांवर. शेजारच्या वस्तीतली एक गाय जेवणाच्या घंटेला हजर व्हायची आणि एकेक ट्रॅकसूट खिडकीशी जाऊन खिसे रिकामे करून यायचा. गाय अशी तुकतुकीत झाली होती की काय सांगू!

एकदा तिवारी सरांचंच लक्ष गेलं. "वाह! किसकी गाय है? क्या सेहत है!"

कम्मो म्हणाली, "हॉस्टल की है सर. स्पोर्ट्स कोटे से आई है."

मी तोंडाला पदर लावून हसले. मग आत जाऊन बघितलं तर शशी अजून खिडकीपाशीच होती. तिचा एकच खिसा रिकामा झाला होता, दुसरा अजून फुगलेला.

*

कम्मोचं दुःख उलट्या बाजूचं. गोळाफेकीला दणकट अंग लागतं, म्हणून सर तिला अंडी, दूध, केळी चारायचे. "वज़न बढ़ाओ कम्मो, वज़न!" सुट्टीत घरी गेली की आई तिला दोन वेळा लिंबूपाणी आणि एक वेळ डाळ द्यायची. कारण बघायला येणारे लोक दारातूनच परत फिरत. एक तर म्हणाला होता म्हणे, "लड़की दिखाइए, पहलवान नहीं."

सुट्टीनंतर परतली की सर डोक्याला हात लावायचे. पुढच्या सुट्टीत आई कपाळाला हात लावायची.

आमच्या ह्यांनी एकदा तिला थट्टेनं विचारलं, की आता भरती आहे की ओहोटी. ती हसली नाही. म्हणाली, "अंकल, छुट्टी में ये देह अम्मा की है, बाक़ी साल सर की. मेरी वाली मुझे कब मिलेगी?"

 

*

होळीला मी मुलींना घरी पुरणपोळीला बोलावलं. लखनौत तोवर पंखे सुरू झालेले असतात, आणि ही शशी दोन स्वेटर चढवून आलेली! हात धरला तर बर्फ. मनगटावर बारीक लव उगवली होती, तान्ह्या बाळाच्या अंगावर असते तशी. मला ते काही बरं दिसेना.

पोळ्या वाढल्या, वरून तूप घातलं. मुली तुटून पडल्या. थोड्या वेळानं माझी धाकटी मिनू, जी लखनौत वाढल्यामुळे मराठी समजायची पण बोलायची हिंदी, ती स्वयंपाकघरात धावत आली. "आई, आई! शशी दीदी पोळी को इस्तरी कर रही हैं!"

बाहेर जाऊन बघते तर पोळी वर्तमानपत्राच्या घडीत, घडीवर पाट, आणि पाटावर शशी दोन्ही हातांनी जोर लावून ओणवलेली. तूप पिळून काढत होती! कागद उचलला तर पोळीवर बातम्या उमटलेल्या, उलट्या अक्षरांत.

कम्मो म्हणाली, "ले, अब पढ़ भी ले और खा भी ले."

सगळ्या हसल्या. शशीनं एक कोपरा तोडला, खूप वेळ चावला आणि म्हणाली, "बहुत अच्छी है मैडम. पेट भर गया." मला इतका राग आला की कुणावर काढावा ते समजेना. शेवटी पुरणाचं पातेलं घासत बसले. मोलकरीण असताना!

*

आता जे सांगते त्यात हसण्यासारखं काही नाही.

मुलींना महिन्याचा कापूस आणि गॉज माझ्याकडून मिळायचं. होळीनंतर माझ्या ध्यानात आलं की थंडी पडल्यापासून शशी त्यासाठी आलेलीच नाही. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बंद हो गया मैडम. अच्छा ही है न? प्रैक्टिस नहीं छूटती."

मी तिला डॉक्टरकडे नेणार, तेवढ्यात ही गोष्ट हॉस्टेल कमिटीच्या सेक्रेटरी मॅडमच्या कानावर गेली. ह्या बाई कुणा मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांनी मला आणि सरांना ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "लड़की को चुपचाप घर भेज दीजिए. हॉस्टल का नाम ख़राब होगा."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा कानशिलं तापली. सुकून काडी झालेली पोर, आणि ह्यांना तिला दिवस गेल्याचा संशय! सर तर खाली मान घालून बसले होते. मैदानात एवढा गरजणारा माणूस!

मी म्हटलं, "पहले डॉक्टर देखेगी. उसके पहले कोई कुछ नहीं बोलेगा." मराठीत आणखीही काही म्हटलं, ते त्यांना समजलं नाही हे बरं झालं.

सेक्रेटरी मॅडम खात्री करून घ्यायला स्वतः गाडीत बसून आल्या. दवाखान्यात म्हाताऱ्या, कडक लेडी डॉक्टर होत्या. शशीला आत नेलं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर. सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. शशी गाडीतून उतरताना माझ्या कानाशी म्हणाली होती, "बाबूजी को मत बुलाइएगा." तेवढंच. संशय कसला आहे हे तिला कळलं होतं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. सेक्रेटरी मॅडम उठून पुढे झाल्या. "कौन सा महीना है?"

डॉक्टरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बच्चा? इस लड़की के पेट में तो रोटी भी नहीं है!"

मग त्या सरांकडे वळल्या. शरीराला खायला मिळालं नाही की ते आधी हेच काम बंद करतं, पुढे हाडं जातात, आणि हृदयाचं काही सांगता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. पळणं बंद. अंगावर मांस चढेपर्यंत, पाळी परत येईपर्यंत बंद. आणि म्हणाल्या, "सूबेदार साहब, घोड़े को भी दाना देकर दौड़ाते हैं."

पुढच्या सोमवारी काटा गोदामात परत गेला. सर स्वतः सायकलला बांधून घेऊन गेले. 

सेक्रेटरी मॅडमनी मात्र माघार घेतली ती अटीवर. पावसाळ्यापर्यंत मुलगी नीट खायला लागलेली दिसली तर राहील, नाही तर घरी. "बीमार लड़की रखने को हॉस्टल अस्पताल नहीं है."

*

शेवटचा सांगते. मलिहाबादचा, लखनौजवळच्या आंब्यांच्या गावचा.

जूनमध्ये आमच्या एका हर्डल्सवाल्या मुलीच्या चाचांनी सगळ्या हॉस्टेलला त्यांच्या बागेत आंब्यांच्या दावतीला बोलावलं. सर आले, मी गेले, आणि नेमक्या सेक्रेटरी मॅडमही आल्या. त्या कशाला आल्या होत्या हे शशीसकट सगळ्यांना माहीत होतं.

झाडाखाली सतरंज्या, मध्ये पाण्याच्या बादल्या, आणि बादल्यांत दसहरी आंबे. तिथली रीत अशी की कापायबिपायचं नाही. आंबा पिळायचा, चोखायचा, आणि साल-कोय आपल्यासमोर टाकत जायचं. शेवटी घरमालक काठी टेकत सगळ्यांसमोरून फिरतो आणि कोयींचे ढीग बघतो. ज्याचा ढीग मोठा, तो दिवसाचा पाहुणा. मग त्याला घरच्या खास झाडाचा, बाजारात कधी न जाणारा एक आंबा मिळतो. तो सगळ्यांच्या देखत खायचा.

चाचा फिरत फिरत शशीसमोर थांबले. "माशाअल्लाह! बिटिया, तुम तो छुपी रुस्तम निकलीं!"

शशीसमोर कोयींचा डोंगर! सर उडालेच. "देखिए मैडम, देखिए!" सेक्रेटरी मॅडमनीही मान डोलावली. मलाही क्षणभर इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग मी नीट बघितलं. शशीसमोर कोयी खच्चून होत्या, पण साल एकही नव्हती. शेजारी कम्मो बसली होती. तिच्यासमोर सालींचा ढीग आणि कोयी दोन. तिच्या हनुवटीवरून रस गळत होता. शशीचे ओठ कोरडे होते. चाचा तिला म्हणत होते, "पहलवान, आज बस दो?" आणि कम्मो, जी कुणाचं ऐकून घेत नसे, खाली बघत म्हणाली, "पेट ख़राब है चचा."

चाचांनी तो खास आंबा शशीच्या हातावर ठेवला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे.

"खाओ, खाओ," सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या. "हम भी तो देखें."

शशी उभी होती. आंबा नाकाशी नेला, खाली घेतला. पुन्हा वर नेला.  एवढ्या माणसांचे डोळे तिच्या तोंडावर, गालांवर, मनगटांवर फिरत होते, आणि ती पोर मला डोळ्यांदेखत आतल्या आत आक्रसताना दिसत होती. मॅडमच्या कपाळावर आठी चढायला लागली. आता ही आंबा टाकून पळणार आणि उद्या गोंड्याची बस, असं मला स्वच्छ दिसलं. 

तेवढ्यात कम्मो उभी राहिली, आणि परेडच्या आवाजात ओरडली, "टोली! पीछे... मुड़!"

सगळ्या मुली गर्रकन पाठमोऱ्या झाल्या. मुलींच्याही आधी वळले ते तिवारी सर! फौजेतली सवय, टाच आपटून ताठ उभे. मी सेक्रेटरी मॅडमचा दंड धरला आणि त्यांना सरळ फिरवलं. त्या "अरे, अरे" म्हणेपर्यंत आम्ही सगळे झाडांच्या रांगांकडे तोंड करून उभे होतो.

 कम्मोचे डोळे मिटलेले. सरांच्या मानेची शीर ताठ झालेली.

चाचांनाही काही न समजता आमच्यासारखी पाठ करावी लागली होती. ते माझ्याकडे झुकून अगदी अदबीनं, हळू आवाजात म्हणाले, "बहनजी, ये आप लोगों के यहाँ की कोई रस्म है?"

"जी," मी म्हटलं. "हमारे यहाँ की है."

मागे काहीच ऐकू येत नव्हतं. सेक्रेटरी मॅडम मान वळवायला लागल्या.

"अभी मत मुड़िएगा," शशीचा आवाज आला. तोंड भरलेलं होतं.